भिंतीला टाके

आमच्या घराच्या आतल्या भिंतींतून जागोजागी दगड पुढं आलेले आहेत. कुठं दोन बोटं, कुठं तीन. नवा पाहुणा आला की चहा संपायच्या आत विचारतोच, "हे असं का ठेवलं? घासून नाही का घेतलं?" हे होते तोवर मिशीत हसून म्हणायचे, "आमच्या मंडळींची हौस." हौस म्हणा, नाहीतर खूळ म्हणा. त्या खुळापायी मी गवंड्याच्या माणसाशी भांडले, नवऱ्याचा अबोला सोसला आणि बांधलेली भिंत उतरवायला लावली, आणि मला त्याचं आजही काडीचं वाईट वाटत नाही.

माझं माहेर जळकोटच्या शिवारातलं. घर शेतकऱ्याचं होतं. बाहेरून काळा दगड, आतून मातीचा गिलावा, वर माळवद, म्हणजे लाकडं टाकून त्यावर मातीचा जाड थर. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, काय मजबूत घर आहे! मी नऊ वर्षांची असताना श्रावणात झड लागली. चार दिवस पाऊस नुसता धरून होता. पाचव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं, तशी सगळी माणसं बिळातून निघाल्यासारखी अंगणात आली. मी सुपात चवळीच्या शेंगा घेतल्या आणि गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून उन्हात सोलायला बसले. शेजारी वासरू बांधलेलं होतं.

भिंत पडली असं सगळे म्हणतात, पण ती पडली नाही. बसली. बाहेरचा दगड घसरला आणि आतली भिजलेली माती त्याच्यामागून भसकन आली. मी छातीपर्यंत गाडली गेले. आत्यानं नखं मोडेस्तोवर हातांनी माती उकरली आणि मला ओढून काढलं. वासरू गेलं. माझा डावा कोपर तेव्हापासून पूर्ण सरळ होत नाही.

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मातीची भिंत भर पावसात बहुधा तग धरते. पाणी पिऊन फुगलेली असते ती, आणि ऊन लागलं की बसते. त्यामुळं झडीत लोक घरात निवांत झोपायचे आणि ऊन पडलं की मात्र लेकरंबाळं घेऊन भिंतीपासून लांब जाऊन उभे राहायचे. त्या दिवशी मला कुणी हाक मारायला विसरलं, एवढंच.

त्यानंतर मी भिंतीला पाठ लावली नाही. लग्नात नवरीला पाटावर भिंतीशी बसवतात, तर मी पाट पुढं ओढून घेतला. सासूबाईंनी तिथंच बायकांत जाहीर केलं, "आमच्या सुनंला भिंतीचं वावडं हाय गं बाई!" लग्न होऊन तुळजापूरला आले. हे तहसील कचेरीत कारकून. देवळाच्या वाटेवर एका पुजाऱ्यांच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. त्यातल्या एका खोलीत ऐन मधोमध आमची बाज. येणारा-जाणारा तिला वळसा घालून जायचा. ह्यांच्या नडगीला बाजेचा खूर लागला नाही असा आठवडा गेला नसेल. नवरात्रात सोलापूरच्या मोटारींनी यात्रेकरू यायचे, घरमालक त्यांना ओसरीत उतरवायचे, तेव्हा त्यातली एखादी बाई आत डोकावून विचारायचीच, "काय वो, घरात कुणी आजारी हाय का?"

माझं माझ्यापुरतं चाललं होतं. पण मुलगी चार वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. दुपारी घरमालकांच्या मुली भिंतीला पाठ लावून ओळीनं बसल्या होत्या आणि गाणी म्हणत होत्या. माझी लेक त्यांच्यात होती, पण हातभर पुढं सरकून, एकटीच. मी म्हटलं, "मागं सरक की, नीट बस." ती म्हणाली, "नको. भिंत बसती ना."

मी तिला ते कधीही सांगितलेलं नव्हतं. वासरू नाही, चवळी नाही, काही नाही. नुसतं बघून बघून तिनं ते उचललं होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. माझा कोपर वाकडा राहिला तो राहिला, पण पोरीला हे आंदण कशाला? त्या दिवशी हे कचेरीतून आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हटलं, "घर बांधायचं म्हणता ना, मग बांधा. पण हिला पाठ टेकता येईल अशी भिंत पाहिजे. बाकी तुम्हाला काय हवं ते करा."

'बाकी तुम्हाला काय हवं ते करा' हे मी म्हणायला नको होतं.

हैदराबादचं राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. ह्यांनी उमेदीची वर्षं उर्दूत अर्ज आणि रपट लिहिण्यात घालवली होती, आता सगळं मराठीत करायचं म्हणून घरी बसून अक्षर गिरवायचे. पण नव्याची आवड दांडगी. सोलापुरात स्टेशनकडं कुणाचा तरी लाल विटांचा बंगला त्यांनी पाहिला होता, विटांमधल्या सांध्यांत पांढरा चुना रेघा ओढल्यासारखा भरलेला. तो बंगला त्यांच्या डोक्यात बसला. "दगडाचा जमाना गेला," म्हणायचे. "दगड म्हणजे निजामी. आता वीट." गावाच्या कडेला जागा घेतलेली होती. तिथं उभं राहून ते हवेत बोट फिरवून मला विटांचा बंगला दाखवायचे, आणि मला खरं सांगायचं तर तो दिसायचाही.

विटा कसल्या करायच्या यावर त्यांनी आपली हुशारी लढवली. आमच्याकडं पांढरीचा फार विश्वास. पांढरी म्हणजे जुन्या पडक्या गावठाणाची पांढुरकी माती. माळवदावर तीच पसरायची, भिंतींना तीच लावायची, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. ह्यांनी हिशेब मांडला: कच्ची पांढरी जर पाऊस अडवते, तर भाजलेली पांढरी लोखंडच होईल! मलाही ते पटलं, खोटं का सांगू. जन्मभर पांढरीच्या माळवदाखाली झोपलेली बाई मी. विटा पाडणारा कुंभार मात्र म्हणाला, "साहेब, पांढरीची वीट कुणी करत न्हाय."

"म्हणूनच करायची," हे म्हणाले.

एका जुन्या गढीच्या ढिगाऱ्यावरून गाड्या भरून माती आली. विटा भाजून निघाल्या त्या फिकट गुलाबी, देखण्या. जागेवर त्यांची रास रचली. हे रोज कचेरीतून परस्पर तिकडं जायचे आणि विटेवर वीट वाजवून आवाज ऐकायचे. वैशाखात एकदा वळवाची सर आली. दुसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो, तर सगळी रास पांढरी फटक झालेली, विटांवर मिठासारखा खार फुटलेला. आणि राशीशी शेजारच्यांच्या चार शेळ्या. पुढचे पाय विटांवर ठेवून, डोळे मिटून, विटा चाटत होत्या.

ह्यांनी हाकललं. शेळ्या दहा पावलं गेल्या आणि परत आल्या. लेकीनं एक वीट उचलून नखानं खरवडली, तर कड भुसभुशीत होऊन खाली पडली. मग तिनंही जीभ लावून पाहिलं. म्हणाली, "खारट!"

घर बांधायला ज्यांना सांगितलं होतं ते गवंडी वयस्कर होते, त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. ते आले, त्यांनी हात मागं बांधून राशीला एक फेरी मारली आणि एका शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "साहेब," म्हणाले, "ह्या विटा लई गुणाच्या हायत. पण त्या शेळ्यांना ठेवू या. घराला न्हाय." हे लाल झाले, मग एकदम हसत सुटले. आपली चूक झाली की माणूस चिडतो, हेही चिडायचे, पण ती शेळी काही केल्या चाटायची थांबेना, तिच्यापुढं राग कसा टिकणार? त्या विटा पुढं फुलझाडांच्या वाफ्याला कडेनं लावल्या. त्या वाफ्यात कधी काही उगवलं नाही. शेळ्या मात्र नेमानं येत राहिल्या.

मग चाचांनी काळा दगड सुचवला. वडार लोक जवळच्या खाणीत फोडत होते, हवा तसा घडवून मिळत होता. हे हिरमुसले होते, "बरं, दगड तर दगड," म्हणून मोकळे झाले. आता माझी पाळी होती. मी म्हटलं, "दगड नको."

"अगं, आता काय?" हे म्हणाले.

"माझ्या अंगावर बसली ती दगडाचीच होती."

चाचांनी मला सगळं विचारून घेतलं. भिंत किती जाड होती, आत काय भरलं होतं, दगड कसा घसरला. पुरुष गवंडी बाईमाणसाला भिंतीविषयी विचारतो आहे, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी सांगितलं, तसा त्यांनी मान डोलावली. "बाई, तुमी वाकळ शिवता का?"

"शिवते की."

"टाके न्हाय घातले तर काय होतं?"

"काय होणार? वरचं लुगडं एकीकडं, आतल्या चिंध्या एकीकडं."

"तुमच्या माहेरची भिंत तशी व्हती. बाहीरनं दगडाचं लुगडं, आत चिखलाच्या चिंध्या. टाका एक न्हाय." मग त्यांनी काठीनं जमिनीवर भिंत काढून दाखवली. बाहेरचा थर दगडाचा, आतला थर दगडाचा, मधे चुन्यात बसवलेली दगडाची भर. आणि दर थोड्या अंतरावर एक लांब दगड, ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार. तो दोन्ही थरांना धरून ठेवतो. "हा टाका," चाचा म्हणाले. "ह्यो असला की बाहीरचा दगड आतल्याला सोडून जात न्हाय. लोक दगड वाचवाया ह्योच खातात. दिसत न्हाय ना."

"मला दिसला पाहिजे," मी म्हटलं.

"बांधताना बघा की, बसा इथं."

"नंतरही दिसला पाहिजे. गिलावा झाल्यावरही."

चाचांनी जमिनीवरच्या भिंतीतला एक लांब दगड काठीनं आतल्या अंगाला जरा पुढं ओढला. मग म्हणाले, "मंग टाके आतल्या अंगाला दोन बोटं बाहीर ठेवतो. हात लावून बघायचं. मंजूर?" ह्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

ह्यांच्यासाठीही काहीतरी राखलं चाचांनी. दारांच्या आणि खिडक्यांच्या कडा, वरच्या कमानी आणि माळवदाचा कठडा विटेचा करायचा ठरला. विटा गाळाच्या मातीच्या, सोलापूरकडून मागवलेल्या, चांगल्या खणखणीत. त्या आधी चाचांनी दोन रात्री पाण्यात टाकून ठेवल्या, मग वाळवल्या, आणि मला म्हणाले, "बोलवा शेळीला." शेळीनं हुंगलं आणि ती निघून गेली. माझी लेक टाळ्या पिटत होती.

बांधकाम सुरू झालं तशी मी सकाळचं आटोपून रोज लेकीला घेऊन तिथं जाऊन बसायची. छिन्नीचा टकटकाट चालायचा, बैलाच्या घाण्यात चुना दळला जायचा, आणि मी कडुनिंबाखाली बसून टाके मोजायची. लेकीनंही तेच शिकून घेतलं. लांब दगड चढवला की ओरडायची, "टाका!" मजूर हसायचे.

एक दिवस चाचा कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. मी जरा उशिरा पोचले, तर पश्चिमेकडच्या भिंतीचा एक लांब पट्टा भराभर चढलेला. बघितलं, तर टाका नाही. मजुराला विचारलं, तर म्हणतो, "बाई, एका पट्ट्यानं काय व्हतंय?" मी म्हटलं, "उतरवा." तो म्हणाला, चाचा आल्यावर बघू. मी पदर खोचला आणि त्या अर्ध्या भिंतीवर चढून बसले. शब्दशः बसले, मांडी घालून. काम थांबलं. कुणीतरी कचेरीत सांगितलं, तसे हे सायकल दामटत आले.

"अगं, खाली उतर! लोक काय म्हणतील?"

"लोकांना इथं झोपायचं नाही. तुमच्या लेकीला झोपायचंय."

हे तसेच परत गेले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण खाली काही उतरले नाही. त्याच दुपारी चाचा लग्नाहून परत आले, मी कुठं बसलेय ते बघितलं, पट्ट्यावर नजर फिरवली आणि मजुराला म्हणाले, "बाईंचं बरोबर हाय. उतरव." तेव्हा मी उतरले. आधी भिंतीचं भय, त्यात मी भिंतीवरच चढून बसलेली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

घर उभं राहिलं. काळ्या दगडाच्या अंगाला खिडक्यांभोवती लाल विटांची कड, सांध्यांत पांढरा चुना. हे रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहायचे आणि डोळे बारीक करून घराकडं बघायचे. वास्तुशांतीला ईट गावाहून सासूबाई आल्या. आतल्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हे काय गं बाई, भिंतीला फोड आल्यागत!" त्यावर लेक म्हणाली, "आजी, ते टाके हायत." सासूबाईंना काही कळलं नाही, पण नातीचं म्हणणं म्हणून त्यांनी मान हलवली.

आणि आमची बाज? ती मधोमध.

ह्यांचा तोल तिथं मात्र सुटला. "एवढा दगड घातला, टाके घातले, भिंतीवर चढून बसलीस, आणि तरी बाज मधे?" त्यांची नडगी नव्या घरातही सुटली नव्हती. मी म्हटलं, "एक झड जाऊ द्या." ते म्हणाले, "तुझी झड यायची कधी आणि..." आणि नडगी चोळत बाहेर गेले. चांगल्या स्वभावाचे होते. माझं मलाही ओशाळवाणं होत होतं. टाके मीच मोजले होते, तरी अंग ऐकत नव्हतं, त्याला मी काय करणार? लेक माझ्याकडं बघायची आणि बाजेवर माझ्याजवळ, मधोमध, झोपायची.

श्रावणात झड लागली. चांगली चार दिवस. माळवदावर पाऊस वाजत राहिला. मी दिवसातून कितीदा तरी टाक्यांवरून हात फिरवायची. दगड गार लागायचे, पण कोरडे. पाचव्या दिवशी सकाळी हे कचेरीत गेले आणि मागोमाग लख्ख ऊन पडलं. समोरच्या वस्तीतली माणसं आपापल्या मातीच्या घरांतून लेकरं घेऊन बाहेर आली आणि मोकळ्यावर उभी राहिली. एकमेकांना हाका मारत होती, पोरांना लांब ओढत होती. मी चूल तशीच टाकून लेकीला हाक मारत माजघरात गेले.

ती पश्चिमेच्या भिंतीशी बसली होती. त्याच पट्ट्याच्या भिंतीशी. एका पुढं आलेल्या टाक्यावर तिनं भातुकलीची चूल मांडली होती, आणि दोन पाय लांब करून, पाठ पूर्ण भिंतीला टेकून, ती बाहुलीला जेवू घालत होती. खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं.

माझ्या तोंडात हाक आली होती. 'ऊठ तिथनं!' एवढंच म्हणायचं होतं. मी ती गिळली. जन्मात दुसरं काही इतकं जड गिळलं नसेल. मग मी तिच्याशेजारी गेले आणि खाली बसले. आधी भिंतीपासून वितभर अंतर ठेवून. मग हळूहळू मागं झाले. दगड पाठीला लागला. गार होता, घट्ट होता. काही झालं नाही. बाहेर माणसं ओरडत होती, आत माझी लेक बाहुलीला म्हणत होती, "एवढा घास खा, मग झोप."

मी रडत होते, पण ते रडणं सुखाचं होतं. खांदे सैल झाले होते. पंधरा-सोळा वर्षं मी ते किती आवळून धरले होते, ते सोडल्यावर कळलं.

तेवढ्यात सायकल पडल्याचा आवाज झाला. हे धापा टाकत दारात उभे. ऊन पडलेलं बघून ते कचेरी सोडून आले होते, टोपीसुद्धा तिथंच राहिली होती. भिंतीचं भय नाही म्हणणारा माणूस! आम्हा दोघींना पाठ टेकून बसलेलं पाहिलं. चपला काढल्या, आत आले, माझ्या पलीकडं बसले आणि त्यांनीही पाठ टेकली. आम्ही तिघं ओळीनं बसलो. लेकीनं त्यांनाही खोटा खोटा भात वाढला.

बऱ्याच वेळानं समोर बघत, जणू दुसरंच काहीतरी विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "बाज सरकवू का?"

मी म्हटलं, "सरकवा."